आईच्या चेहऱ्यावरची फुली

डांबरकाका पहिल्यांदा त्या कचेरीत आले, त्या दिवशी त्यांनी एवढी शाई सांडली की पुढे कित्येक वर्षं त्या इमारतीत जन्मलेली मांजरं काळीच निघाली. हे खुद्द डांबरकाका सांगत, आणि दर वेळी सांगताना मांजरांची संख्या वाढवत. कधीकधी त्यात एखादं पांढरं कबूतरही काळं होऊन जाई. खरी हकिगत इतकीच, की मुलांसाठी चित्रकथा छापणाऱ्या एका प्रकाशनाच्या तिसऱ्या मजल्यावर एक हडकुळा तरुण काम मागायला गेला, अदबीने वाकला, आणि वाकता वाकता त्याच्या कोपराने टेबलावरची शाईची भलीथोरली बरणी आडवी केली. शाई टेबलावरून चित्रावर आली, चित्रावरून थोरल्या चित्रकारांच्या पांढऱ्याशुभ्र विजारीवर आली, आणि तिथून दाराबाहेर पडून जिन्याने खाली उतरू लागली. सावकाश, कुणी थांबा न म्हटलेल्या पाहुण्यासारखी.

थोरले चित्रकार म्हणजे त्या कचेरीतलं सर्वांत मोठं प्रस्थ. त्यांच्या पेन्सिलीला टोक करायलासुद्धा लोक घाबरत. सगळी कचेरी श्वास रोखून उभी राहिली. थोरल्यांनी चष्मा लावला, सत्यानाश झालेलं चित्र खिडकीशी धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "इतकं एकसारखं काळं मी जन्मात पाहिलं नाही. कुठे ठिपका नाही, कुठे फिकट नाही. ठेवून घ्या याला."

नेमकी त्याच वेळी तळमजल्यावरच्या बाइंडिंगच्या खोलीतून एक मुलगी हनुवटीपर्यंत छापील कागदांचा गठ्ठा घेऊन जिना चढत होती. गठ्ठ्यामुळे तिला पायाखालचं दिसेना. ती अनवाणी त्या शाईतून तशीच वर आली, गठ्ठा टेकवला, तळपाय पाहिले आणि नव्या माणसाला म्हणाली, "ओ शाईवाले, इमारत रंगवायची होती तर आधी सांगायचं. मी चपला घालून आले असते."

तिची काळी पावलं त्या दगडी जिन्यावर कायमची उमटली. सोडा झाला, रॉकेल झालं, विटेचा तुकडा झाला. पावलं हलली नाहीत. त्या तरुणाला मात्र नोकरी मिळाली, डांबर्‍या हे नाव मिळालं आणि वर्षभरात ती मुलगीही मिळाली. म्हणजे चूक केली की कौतुक होतं, हे तो पहिल्याच दिवशी शिकला. शिकवण वाईट होती. पण तिचा हिशेब चुकता व्हायला सबंध आयुष्य जावं लागलं.

आता डांबर्‍याचं काम काय, ते सांगायला हवं. चित्रकथेचं पान आधी पेन्सिलीने काढतात, मग त्यावर शाईच्या रेघा ओढतात. जिथे गडद काळं हवं, रात्रीचं आकाश, खलनायकाचा कोट, उघड्या दारामागचा अंधार, तिथे चित्रकार पेन्सिलीने नुसती बारीकशी फुली मारून ठेवतो. एवढी मोठी जागा काळी करत बसायला त्याला वेळ नसतो. त्या फुल्यांमध्ये काळं भरायचं, हे डांबर्‍याचं काम. आधी बारीक कुंचल्याने कडा धरायच्या, मग जाड कुंचल्याने पोट भरायचं. काय काढलंय हे विचारायचं नाही. फुली दिसली की काळं. लोक विचारत, "तुम्ही चित्रकार का?" तर तो म्हणे, "नाही. चित्रकार दिवस काढतात. रात्र पाडायला मला बोलावतात."

त्या प्रकाशनाचा सगळा संसार तेजोमल्लावर चालायचा. पिवळे घट्ट कपडे, लाल कमरबंद, दोन्ही तळव्यांतून सूर्यासारखा उजेड. तो उजेड त्याच्यात कसा आला, ही पहिली कथा पोरांना पाठ होती. बल्ब बनवायच्या कारखान्यात एक आई कामाला असते. तिचा मुलगा तिला डबा द्यायला येतो. भट्टी फुटते. आई मुलाला पोटाशी घेऊन त्याच्यावर वाकते, आणि भट्टीतला सगळा उजेड तिच्यातून आरपार त्याच्या तळव्यांत शिरतो. आई मरते. मरता मरता ती इतकं बोलते की तिच्या बोलण्याच्या फुग्यांना जागा करण्यासाठी थोरल्यांना भट्टी लहान काढावी लागली होती.

त्या आईला चेहरा हवा होता, तेव्हा थोरले तळमजल्यावर गेले आणि खळीचा ब्रश हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या बाइंडिंगवालीला म्हणाले, "जरा माझ्याकडे बघ. भट्टी फुटल्यासारखं."

"भट्टी फुटली तर मी तुमच्याकडे कशाला बघेन? पळेन!" ती म्हणाली.

"मुलगा मागे राहिलाय, असं समज."

ती थांबली. मान वळवून तिने जे पाहिलं, ते त्यांनी तिथल्या तिथे कागदावर उतरवलं. भुवया किंचित वर, ओठ अर्धवट उघडे, आणि डोळे असे, की पान उलटायचा धीर होऊ नये. नंतर ती सगळ्यांकडे कुरकुरत राहिली, "अजून लग्न नाही आणि एवढा घोडा मुलगा माझ्या गळ्यात बांधला."

लग्न झालं, पण मूल झालं नाही. तेजोमल्ल तेवढा होता. डांबर्‍या मित्रांना सांगे, "कायद्याने बघितलं तर मी त्याचा बाप. पण एका पानावर तरी माझं नाव आहे का, विचारा." आणि बायको दर नव्या आवृत्तीची प्रत घरी आली की आधी ते पान काढी, खिडकीशी नेई आणि म्हणे, "आहे. आहे तश्शीच आहे." तिचे तरुणपणचे चारदोन फोटो होते, पण सगळ्यांत डोळे मिटलेले. फोटोवाल्याने एक-दोन-तीन म्हटलं की हिच्या पापण्या खाली. उघड्या डोळ्यांची ती जगात फक्त त्या एका चौकटीत होती.

वर्षं गेली. डांबर्‍याचे डांबरकाका झाले. थोरले चित्रकार वारले. प्रकाशनाचा खप असा घसरला की गोदामातल्या वाळवीलासुद्धा अजीर्ण झालं. आणि मग नवे संपादक आले. नव्या संपादकांची दाढी अत्यंत काळजीपूर्वक विस्कटलेली असे. त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, पडदे ओढले, आणि अर्ध्या अंधारात जाहीर केलं की तेजोमल्लाची जन्मकथा पुन्हा सांगायची, आजच्या वाचकासाठी.

"आजचा वाचक उजेडावर विश्वास ठेवत नाही," ते म्हणाले. "त्याला जखम हवी. कारखाना दिवसा नको, रात्रपाळी करा. धुकं आणा. आई एवढं बोलते कशाला? एक शब्द नको. आणि काळं वाढवा. पानापानातून काळं आलं पाहिजे." मग ते डांबरकाकांकडे वळले. "काका, हे पुस्तक खरं म्हणजे तुमचं आहे."

एवढ्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. डांबरकाकांची छाती फुगली. फक्त एकच गोष्ट त्यांनी घाबरत घाबरत विचारली, "आणि आईचा चेहरा?"

"तो हलवायचा नाही. तेवढा जसाच्या तसा. सगळ्या अंधारात तो एक चेहरा उजेडात. सगळी कथा त्याच्यावर उभी आहे."

घरी त्यांनी बायकोला हे सांगितलं. थोड्या वेळाने आरशासमोरून जाताना ती म्हणाली, "पोरगं पुन्हा जन्माला घालायचं म्हणजे माझ्या वयाला झेपेल का, ते तरी विचारायचं."

नव्या चित्रकाराची पानं यायला लागली. पोरगा गुणी होता, कानातल्या इअरफोनमध्ये सदैव काहीतरी वाजत असे, आणि त्याच्या एकेका चौकटीत इतक्या रेघा असत की नाक कुठलं आणि पडद्याची चुणी कुठली, हे फक्त त्यालाच कळावं. फुल्यांचा तर नुसता पाऊस. डांबरकाका सकाळी बसत ते संध्याकाळी मान मोडून उठत. पान पूर्वी पांढरं असे आणि त्यात काळं असे. आता पान काळं असे आणि पांढरं कुठेतरी जीव मुठीत धरून बसलेलं असे.

आणि याच सुमाराला जगाच्या कडा गळायला लागल्या.

आधी डांबरकाकांना तो जगाचाच दोष वाटला. दारांच्या चौकटी पूर्वीपेक्षा पुढे येऊन उभ्या राहू लागल्या आणि खांद्याला लागू लागल्या. कपबश्या डावीकडून गायब होत आणि हात फिरवला की खाली पडून फुटल्यावरच सापडत. रस्त्यात ओळखीची माणसं अचानक, भुतासारखी, थेट नाकासमोर प्रकट होत. समोरचं मात्र लख्ख दिसे. वर्तमानपत्रातलं अक्षर न् अक्षर वाचता येई. फक्त ओळ संपली की पुढची ओळ शोधायला निघावं लागे. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. डोळ्यांनी त्यांना कुठलीही सूचना न देता, चौकटीच्या कडेकडेने, आपलं आपण काळं भरायला घेतलं होतं. बारीक कुंचल्याने आधी कडा, मग आत. कामाची पद्धत अगदी त्यांचीच.

जिना चढताना ते आता भिंतीला हात लावत आणि पायाखाली बायकोची जुनी पावलं बघत चढत. एक पाऊल दिसलं की त्यावर आपलं पाऊल. लोकांना वाटे, काय प्रेम आहे म्हातार्‍याचं!

कुणाला सांगायची सोय नव्हती. काळं भरणाऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर त्याला ठेवायचा कशाला? मग बाकी आयुष्यभर घरी बसून कपबश्या फोडायच्या? त्यांनी एक युक्ती केली. नाक कागदाला टेकेल इतकं वाकायचं, जेवढा तुकडा दिसेल तेवढा भरायचा, आणि मान पुढे सरकवायची. असं चिकटून बसलेले डांबरकाका पाहून संपादक इतरांना म्हणत, "ही तन्मयता बघा. बघा आणि शिका."

पहिली चूक चंद्राची झाली. कारखान्याच्या धुराड्यामागे चंद्र होता. त्याच्यावर पुढच्या ढगातून आलेल्या दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या. डांबरकाकांना त्या दोन रेघा दिसल्या, चंद्र दिसला नाही. चंद्र काळा झाला. पान संपादकांकडे गेल्यावर डांबरकाकांच्या ते लक्षात आलं. दुपारी बोलावणं आलं, तेव्हा ते मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत गेले.

संपादक खिडकीशी उभे होते. "काका," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काळा चंद्र! हे सुचलं कसं तुम्हाला?"

डांबरकाकांनी तोंड उघडलं. तोंडात माफी तयार होती. बाहेर आलं ते असं, "सुचलं आपलं."

दुसरी चूक फाटकावरच्या पहारेकऱ्याची. त्याच्या छातीवर पट्ट्यांची फुली होती. तो नखशिखान्त काळा झाला, आणि नुसती उभी सावली फाटकाशी राहिली. नवा चित्रकार कानातलं काढून म्हणाला, "अहो, माझा पहारेकरी?" पण संपादकांनी त्याला गप्प केलं. "मृत्यू दाराशी उभा आहे, हे तुला कळलं नाही, काकांना कळलं!" पोरगा खजील झाला. त्याने डांबरकाकांना सॉरी म्हटलं. डांबरकाकांनी मोठ्या मनाने माफ केलं, आणि त्या संध्याकाळी जिन्यावर मध्येच थांबून राहिले. पावलं सापडत नव्हती.

कुणीतरी एकदा ओरडायला हवं होतं. एकदा जरी कुणी पान तोंडावर फेकून "डोळे फुटले का?" असं विचारलं असतं, तरी त्यांनी "हो" म्हटलं असतं आणि सुटले असते. पण त्या कचेरीत कुणी ओरडेचना. जो तो वाखाणत होता.

घरी मात्र एक माणूस वाखाणत नव्हतं. बायकोने जाण्यायेण्याच्या वाटेतलं स्टूल आधीच मुकाट्याने उचलून ठेवलं होतं. कपबशी ती आता त्यांच्या बरोब्बर समोर ठेवी. एका रविवारी ते खुर्चीत बसले होते. ती पाणी घेऊन आली आणि त्यांच्या उजव्या हाताला, अगदी खेटून, उभी राहिली. ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले. ती उभीच. शेवटी त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "अगं, पाणी आणतेस ना?"

"आणते," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

डांबरकाका खुर्चीतून उडालेच. "कधी आलीस?"

"मगाशीच आले. तुम्ही कधी येताय, त्याची वाट बघत होते." तिने पेला त्यांच्या हातात दिला आणि बोटं पेल्याभोवती नीट बसली की नाही ते पाहिलं. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं का?"

"मला वीतभरावरून केसाची रेघ दिसते. साहेबांना विचार. सगळं पुस्तक माझ्या जिवावर चाललंय."

"साहेबांना विचारून काय करू? मी इथे होते, इथे."

"पुस्तक होऊ दे. मग जाऊ."

"माझं पान झालं का?"

"व्हायचंय," ते म्हणाले. "तुझं पान मी स्वतः बघणार आहे. डोळ्यांत तेल घालून."

ते पान एका पावसाळी दुपारी आलं. आभाळ इतकं दाटलेलं, की दिवे लावूनही खोली कळकट पिवळी दिसत होती. नव्या चित्रकाराने मान राखला होता. जुना चेहरा रेघ न् रेघ तसाच उतरवला होता. फक्त नव्या कथेला शोभेल असं त्याने एकच केलं होतं. आईच्या बाजूला खिडकी, भट्टीचा लोळ खिडकीतून येतोय, आणि खिडकीच्या गजांची तिरकी सावली आईच्या चेहऱ्यावर पडली आहे. दोन पुसट रेघा. एक भुवईवरून गालाकडे, दुसरी तिला छेदून. पुढे रंग देणाऱ्याने तिथे हलकी करडी छटा द्यायची, एवढ्यासाठी पेन्सिलीने ठेवलेल्या.

डांबरकाका पानावर वाकले. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. छताची फुली भरली. भिंतीची फुली भरली. आईचं पान म्हणून ते आज नेहमीपेक्षाही जवळ वाकले होते. इतके, की श्वासाने कागद ओलसर होत होता. आणि जितकं जवळ जावं, तितका तो दिसणारा तुकडा लहान. शेवटी एखाद्या गुंडीएवढं जग उरलं. ते मनात म्हणत होते, आता चेहरा येईल, आता येईल, आला की थांबायचं. गुंडी सरकत राहिली. रेघा, रेघा, रेघा. पडद्याच्या चुण्या असाव्यात. मग त्या गुंडीच्या मध्यभागी, स्वच्छ, एक फुली आली.

त्यांनी बारीक कुंचला घेतला आणि कडा धरल्या. मग जाड कुंचला घेऊन पोट भरलं. फार सुंदर काळं पडलं. कुठे ठिपका नाही, कुठे फिकट नाही.

चेहऱ्याची वाट बघत ते पानाच्या खालच्या कडेपर्यंत गेले. तो कुठेच आला नाही. नव्या पोराने चेहरा पुढच्या पानावर घेतला असेल, असं म्हणून त्यांनी कुंचले धुतले.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. पडदे ओढलेलेच होते. टेबलावर ते पान होतं आणि त्याच्याभोवती माणसं अशी उभी होती, जणू कुणी गेलंय. नव्या चित्रकाराचा चेहरा पांढराफटक पडला होता. संपादक म्हणाले, "मी म्हटलं होतं, चेहरा हलवायचा नाही. मी चुकलो. काकांनी मला दाखवून दिलं." त्यांचे डोळे भरून आले होते. "आईला चेहराच नाही. आता प्रत्येक वाचक तिथे आपली आई बघेल."

टाळ्या वाजल्या.

डांबरकाका टेबलाशी गेले, वाकले, आणि गुंडी सरकवत सरकवत त्यांनी ती जागा शोधून काढली. केसांची कड होती. कानाची पाळी होती. हनुवटीखाली गळ्याची रेघ होती. मधे ते होते, स्वतः. त्यांचं जन्मभराचं काम. ते बोटाने चाचपू लागले, पण शाई कधीच वाळलेली होती.

छपाईला अजून अवधी होता. एक वाक्य बोललं की पान पुन्हा काढता आलं असतं. त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांची खुर्ची होती, एवढंच. ते तीनचारदा संपादकांच्या दारापर्यंत गेले. एकदा आत पाहुणे होते. "हेच ते!" संपादक म्हणाले. "धाडस म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं." पाहुण्यांनी उठून हस्तांदोलनाला हात पुढे केला. तो हात बाजूने आला होता. डांबरकाकांना दिसलाच नाही. पाहुण्यांना वाटलं, मोठा माणूस आहे, आढ्यता असणारच.

घरी बायको रोज विचारी, "माझं पान झालं?"

"झालं."

"कसं झालंय?"

"सगळे टाळ्या वाजवत होते," ते म्हणत. हे खोटं नव्हतं. त्याचाच त्यांना जास्त त्रास होई.

पुस्तक आलं. वर गुळगुळीत काळं वेष्टन, त्यावर काळ्याच अक्षरांत नाव. तिरकं धरल्याशिवाय वाचता येऊ नये असं. बायकोने हात पुसले, पुस्तक घेतलं आणि खिडकीशी गेली. डांबरकाका खुर्चीत बसून राहिले. पानांचा आवाज येत होता. एक पान. आणखी एक. मग मागे. मग पुन्हा पुढे. मग आवाज थांबला.

"अहो, यात मी कुठली?"

त्यांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली.

"हा कान माझा आहे," ती म्हणाली. "कान ओळखला मी. बाकीची मी कुठे गेले?"

"साहेब म्हणतात, प्रत्येकाला तिथे आपापली आई—"

"साहेबांचं मी विचारलंच नाही."

ती त्यांच्याजवळ आली. कुठल्या बाजूला आली, ते त्यांना कळलं नाही. "तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"नाही गं."

"मग मी तुम्हाला दिसले नाही."

"नाही," डांबरकाका म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांना हवा असलेला प्रश्न शेवटी कुणीतरी विचारला होता. "वाट बघत होतो. आलीच नाहीस."

मग तिने विचारलं, "आता मी कुठल्या पानावर बोट ठेवलंय, सांगा."

"तुझ्याच."

"पुस्तक मी केव्हाच मिटून खाली ठेवलंय," ती म्हणाली. "चपला घाला."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं आणि हातात बटण दिलं. आत कुठेही ठिणगी चमकली की बटण दाबायचं. घुमटात कितीतरी वेळ शांतता होती. मशीन आपलं घुरघुरत होतं.

"आजोबा, बटण दाबताय ना?"

"दिसलं की दाबतो. तुम्ही चालू तर करा."

"चालू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग त्या फक्त बायकोशी बोलल्या. काचबिंदू. कडेने आत येतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाचे थेंब घालून टिकवायचा प्रयत्न करायचा.

छापून आलेला कागदही त्यांनी हातात दिला. त्यावर दोन गोल होते. दोन्ही गोल कडेपासून आतपर्यंत काळे, आणि मधे गुंडीएवढं पांढरं. डांबरकाका तो कागद नाकाशी धरून, धंद्यातल्या नजरेने निरखत म्हणाले, "कडा नीट धरलेल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी बायको स्वतः त्यांच्याबरोबर जिना चढली. आपल्याच पावलांवरून, पण या वेळी चपला घालून. संपादकांच्या दारावर तिने टकटक केली नाही. आत जाऊन म्हणाली, "साहेब, ती आई मी आहे."

संपादक उठून उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या पुस्तकाच्या काळ्या वेष्टनाकडे पाहिलं. "मग तर, मावशी, तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे. काकांनी किती मोठं धाडस—"

"धाडस नाही," ती म्हणाली. "काचबिंदू."

संपादक खाली बसले. त्या एका चौकटीवर ते तोपर्यंत तीन ठिकाणी भाषण करून आले होते. नवा चित्रकार दारात उभा होता, तो कानातलं काढून हळूच म्हणाला, "माझ्याकडे चेहऱ्याचं पेन्सिलीचं चित्र आहे अजून." तो लगेच घेऊन आला. बायकोने ते हातात घेतलं, पडदा सारला, आणि खिडकीशी उभी राहून बघत राहिली. मग नवऱ्याला बोलावलं, त्याची मान दोन्ही हातांनी धरून बरोबर जागी आणली आणि म्हणाली, "बघा. इथे बघा. दिसले?"

"डोळे दिसले," डांबरकाका म्हणाले.

"मग पुरे."

संपादक माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला, की दुसऱ्या आवृत्तीत आईचा चेहरा जसाच्या तसा छापू.

दुसरी आवृत्ती निघाली नाही. पहिलीच अजून गोदामात पडून आहे.